विभा चौधुरी आणि काचेवरच्या रेघा

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला २०१९ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त संघाने प्रत्येक देशाला एक तारा व त्याचा एक ग्रह यांचे बारसे करण्याची संधी दिली. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ हा तारा आला. नावे जनतेकडून मागवण्यात आली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात निकाल जाहीर झाला. ग्रहाला 'संतमस' हे नाव मिळाले. ते पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवले होते. ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळाले. ते सुरतेच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने सुचवले होते. बिभा म्हणजे आपलाच 'विभा' हा शब्द, बंगाली उच्चाराचा, अर्थ तेज. परंतु केवळ अर्थ चांगला म्हणून तो निवडलेला नव्हता. विभा चौधुरी या नावाच्या एक पदार्थवैज्ञानिक बाई आपल्या देशात होऊन गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ तो होता.

या कोण, असा प्रश्न ती बातमी वाचणाऱ्या बहुतेकांना पडला असेल. पदार्थविज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्या प्राध्यापकांपैकीही अनेकांना तो पडला असेल आणि त्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. जे नाव क्रमिक पुस्तकात नाही, परीक्षेत नाही आणि जयंती-पुण्यतिथीच्या यादीतही नाही, ते त्यांना कळावे कोठून? त्यानंतर मात्र वृत्तपत्रांतून त्यांच्याविषयी थोडेफार छापून आले आणि त्यात बहुधा एकच सूर होता: 'नोबेल पारितोषिक हुकलेली भारतीय स्त्री'. हा सूर प्रस्तुत लेखकाला पटत नाही. तो बाईंना न्याय देत नाही आणि विज्ञानालाही देत नाही. आपल्याला अन्यायाची गोष्ट सांगायला आवडते, कारण तीत दोष नेहमी परक्याचा असतो. विभा चौधुरींच्या बाबतीत परक्यांनी केलेला अन्याय शोधू गेल्यास फार थोडा सापडतो. घरच्यांनी दाखवलेली अनास्था मात्र भरपूर सापडते.

विभाबाईंचा जन्म १९१३ साली कलकत्त्यात झाला. वडील डॉक्टर होते आणि घराला ब्राह्मो समाजाचे वळण होते. त्यामुळे मुलींनी शिकावे की नाही, हा वाद त्या घरात नव्हता. १९३६ साली त्या कलकत्ता विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील एम.एस्सी. झाल्या. त्या वर्षी ही पदवी घेणारी दुसरी स्त्री नव्हती. संशोधनासाठी त्या देवेंद्रमोहन बोस यांच्याकडे गेल्या. हे जगदीशचंद्र बोसांचे भाचे. मुलीला देण्याजोगा विषय आपल्याकडे नाही असे म्हणून त्यांनी प्रथम टाळाटाळ केली, असे विभाबाईंच्या चरित्रकारांनी नोंदले आहे. मराठी वाचकाला येथे कमला सोहोनी यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मुंबई विद्यापीठातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत १९३३ साली बंगलोरला गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्यांना असाच नकार दिला होता. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण अडून बसली आणि प्रवेश मिळवूनच राहिली. कलकत्त्याची ही मुलगीही हटली नाही. फरक असा की बोस लवकर वरमले आणि पुढे या विद्यार्थिनीला त्यांनी बरोबरीच्या सहकाऱ्याप्रमाणे वागवले. दोघांच्या निबंधांवर दोघांची नावे आहेत, हे येथेच सांगून ठेवतो.

त्या वेळी पदार्थविज्ञानात एक चमत्कारिक पेच पडला होता. अणुकेंद्रातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना कशाने बांधले गेले आहेत? हिदेकी युकावा या तरुण जपानी शास्त्रज्ञाने १९३५ साली असे मांडले की हे बंधन एका अज्ञात कणाच्या देवघेवीतून निर्माण होते, आणि त्या कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट असले पाहिजे. पुढे दोनच वर्षांत अमेरिकन संशोधकांना विश्वकिरणांमध्ये साधारण तेवढ्याच वस्तुमानाचा कण सापडला. विश्वकिरण म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर अखंड कोसळणारे वेगवान कण. ते वातावरणातील अणूंवर आदळतात आणि त्या आघातातून दुसरे कण जन्मतात. युकावाचा कण हाच, असे सर्वांना वाटले. तो इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधल्या वजनाचा, म्हणून त्याला 'मेसोट्रॉन' म्हणत. ग्रीक व्याकरणाला धरून त्याचे नाव 'मेसॉन' हवे, असे १९३९ साली सुचवले ते होमी भाभांनी. परंतु या कणाचे वागणे युकावाच्या कणासारखे नव्हते. अणुकेंद्राशी ज्याचा घनिष्ठ संबंध असायला हवा, तो कण शिशाच्या जाड थरांतून अणुकेंद्रांची दखलही न घेता निघून जाई. म्हणून त्याचे वस्तुमान नेमके मोजण्याला फार महत्त्व आले होते.

हे मोजायचे कसे? मोठ्या प्रयोगशाळांत 'क्लाउड चेंबर' हे यंत्र असे. त्याच्या दमट कोठीतून विद्युत्भारित कण गेला की त्याच्या वाटेवर पाण्याचे बारीक थेंब जमतात आणि त्या रेघेचा फोटो घेता येतो. हे यंत्र नाजूक आणि खर्चाचे. डोंगरमाथ्यावर महिनोन्महिने चालवणे त्याहून अवघड. दुसरा मार्ग स्वस्त होता, पण त्यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. फोटो काढण्याच्या काचेवर सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांचा जो लेप असतो, त्यातूनच विश्वकिरणांना जाऊ द्यावे, आणि काच धुतल्यावर दिसणारी काळ्या ठिपक्यांची रांग सूक्ष्मदर्शकाखाली वाचावी. या पद्धतीवर व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ यांनी अनेक वर्षे चिकाटीने काम केले होते. हेर्टा वांबाखर यांच्यासह त्यांनी इन्सब्रुकजवळच्या डोंगरावर ठेवलेल्या काचांत, विश्वकिरणाच्या आघाताने फुटलेल्या अणुकेंद्राची तारकाकृती खूण १९३७ साली प्रथम दिसली. पुढच्याच वर्षी हिटलर व्हिएन्नात आला. ब्लाऊ ज्यू होत्या. त्यांना देश सोडावा लागला.

या पद्धतीशी आपल्या मुंबईचाही एक संबंध आहे आणि तो बहुधा मुंबईकरांनाच ठाऊक नसतो. चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात एच. जे. टेलर हे प्राध्यापक होते. केंब्रिजमध्ये असताना त्यांनी फोटोच्या लेपातील कणरेघांचा अभ्यास केला होता. तोच अभ्यास मुंबईत चालू ठेवून त्यांनी व्ही. डी. दाभोळकर या सहकाऱ्याबरोबर, अशा लेपात अल्फा कण किती अंतर जातात, याविषयीचा निबंध १९३६ साली लंडनला प्रसिद्ध केला. कॉलेजची साधी प्रयोगशाळा, एक चांगला सूक्ष्मदर्शक आणि दोन चिकाटीची माणसे एवढ्यावर तेव्हा जगाच्या आघाडीवर राहता येत होते. आज महाविद्यालयांना अनुदाने मिळतात, परंतु असे निबंध त्यांतून किती निघतात, हा प्रश्न येथे विचारला तर विषयांतर होईल. असो.

कलकत्त्यात १९३८ च्या जानेवारीत सायन्स काँग्रेसचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन भरले. त्याला जर्मनीचे वाल्थर बोथे आले होते. त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून काचांच्या पद्धतीची कल्पना बोस आणि विभा चौधुरी यांच्या मनात पक्की झाली. त्याच साली बोस हे बोस इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. कलकत्त्यात नसलेली एक गोष्ट त्यांच्या हाताशी होती: हिमालय. विश्वकिरण पाहायचे तर जितके उंच जावे तितके बरे. दार्जिलिंग सुमारे ७,००० फुटांवर, तेथून पुढे संदकफू सुमारे १२,००० फुटांवर आणि त्याहूनही उंच, तिबेटच्या हद्दीतले फारी. या ठिकाणी काचांच्या पेट्या नेऊन ठेवायच्या, महिने लोटले की परत आणायच्या, अंधाऱ्या खोलीत धुवायच्या आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. काही काचा उघड्या हवेत ठेवलेल्या, तर काही पाण्याखाली किंवा निरनिराळ्या पदार्थांच्या आडोशाला.

या कामात दिसण्याजोगे नाट्य काही नाही. केसाच्या जाडीहून कमी लांबीच्या रेघा, त्यांतले ठिपके, दोन ठिपक्यांमधले अंतर आणि रेघेला पडलेले बाक हे सारे मोजून मांडायचे. डोंगरातल्या दमट हवेने काच बिघडते. लेपातील अदृश्य ठसा दिवसागणिक फिकट होत जातो. म्हणजे जुनी रेघ नव्या रेघेपेक्षा विरळ दिसते आणि निव्वळ ठिपके मोजून काढलेले वस्तुमान चुकते. त्यावर दोघांनी जो तोडगा काढला, त्यात त्यांच्या कामाचे खरे मोल आहे. तो समजायला कठीण नाही.

खडबडीत रस्त्यावरून धान्याने भरलेली बैलगाडी जाते तेव्हा ती थोडीफार हलते. तीच गाडी रिकामी असली तर प्रत्येक दगडावर हिंदकळते. भारित कणाचे तसेच असते. लेपातील अणुकेंद्रांच्या जवळून जाताना त्याला विजेचे लहान लहान हिसके बसतात. जड प्रोटॉन त्यांना जुमानत नाही, त्याची रेघ सरळ राहते. हलका कण मात्र डावी-उजवीकडे ढकलला जातो आणि त्याची रेघ वाकडीतिकडी होते. ठिपक्यांच्या दाटीवरून वेगाचा अंदाज येतो आणि वाकडेपणावरून हलकेपणाचा. दोन्ही एकत्र केले की वस्तुमान निघते. हे प्रकीर्णनाचे गणित काचेवरच्या रेघांना लावून बोस आणि चौधुरी यांनी असे दाखवले की त्यांच्या काचांतले पुष्कळ कण प्रोटॉन नव्हते. ते बरेच हलके होते आणि त्यांचे सरासरी वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट भरत होते. हे निष्कर्ष १९४० ते १९४२ या काळात 'नेचर' या ब्रिटिश साप्ताहिकात एकामागून एक टिपणांच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

आणि येथे काम थांबले. ते का थांबले, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्यांच्या हातातल्या काचा होत्या इल्फर्ड कंपनीच्या 'हाफटोन' जातीच्या. हाफटोन हा शब्द छापखान्यात वावरलेल्या वाचकाला परिचित असेल. चित्रांचे ब्लॉक करण्याच्या कामाचा तो शब्द आहे. अशा काचांत फक्त मंदावलेले, दाट ठिपके सोडणारे कण उमटत. वेगवान कणांची रेघ उमटतच नसे. याहून संवेदनशील 'फुलटोन' काचा मिळाल्या असत्या तर मोजमाप सुधारले असते. पण महायुद्ध पेटले होते. इंग्लंडहून येणाऱ्या जहाजांना वेगळाच माल वाहायचा होता. १९४२ च्या डिसेंबरात कलकत्त्यावर जपानी बाँब पडले आणि पुढल्या वर्षी बंगालमध्ये माणसे भुकेने मेली. त्या शहरात बसून फोटोच्या उत्तम काचा मागवणे शक्य नव्हते, आणि त्या देशात तयार करण्याची कोणाची ऐपत नव्हती.

युद्ध संपल्यावर ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांनी तीच पद्धत हाती घेतली. त्यांच्यासाठी इल्फर्ड कंपनीने १९४६ साली मुद्दाम नवे लेप तयार केले. त्यांत सिल्व्हर ब्रोमाइडचे प्रमाण साध्या लेपापेक्षा कित्येक पटींनी जास्त होते. ज्युसेप्पे ओक्यालिनी या इटालियन सहकाऱ्याने या काचा पिरेनीज पर्वतात पिक-दु-मिदीच्या शिखरावर ठेवल्या. सेझार लातेस या तरुण ब्राझीलियनाने पुढे त्या बोलिव्हियातील चाकाल्टायाच्या पहाडावर नेल्या. काचा वाचण्यासाठी पॉवेलनी स्त्रियांचा एक गटच नेमला होता. त्यांतल्या मारिएटा कुर्झ यांना १९४७ साली ती प्रसिद्ध रेघ दिसली: एक कण येऊन थांबतो आणि तो थांबला तेथूनच दुसरा, किंचित हलका कण निघतो. या दुसऱ्या कणाची रेघ प्रत्येक वेळी जवळजवळ सारख्याच लांबीची, सुमारे ०.६ मिलिमीटर भरे. पेच सुटला तो येथे. मेसॉन एक नव्हता, दोन होते. युकावाचा तो पायॉन, इलेक्ट्रॉनच्या २७३ पट. त्याच्या ऱ्हासातून निघणारा तो म्यूऑन, २०७ पट. आणि दहा वर्षे सारे जग ज्याला युकावाचा कण समजत होते तो हा म्यूऑन. युकावांना १९४९ साली नोबेल मिळाले, पॉवेलना १९५० साली. लातेस आणि ओक्यालिनी यांना मिळाले नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता विभाबाईंचे नोबेल हुकले का, हा प्रश्न सरळपणे पाहता येतो. पायॉनचा शोध त्यांनी लावला असे म्हणता येत नाही. त्यांच्या काचांत पायॉनच्या रेघाही असतील, बहुधा होत्याच. उंचावर त्या असायच्याच. पण त्या म्यूऑनपासून वेगळ्या काढता आल्या नाहीत. एक थांबला आणि दुसरा निघाला, ही खूण त्या पातळ आणि अल्पसंवेदी लेपात पकडणे अशक्यप्राय होते. २०० पट हा त्यांचा आकडा म्यूऑनच्या अधिक जवळ आहे. मात्र काचेवरच्या रेघेचा वाकडेपणा मोजून कणाची ओळख पटवण्याचा पहिला प्रयत्न त्यांचा होता, आणि तो कबूल करण्यात स्वतः पॉवेल मागे राहिले नाहीत. फाउलर व पर्किन्स यांच्यासह त्यांनी १९५९ साली या पद्धतीवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात बोस आणि चौधुरी यांचे काम नावानिशी नोंदले आहे, त्याचा भौतिक पाया बरोबर होता असे म्हटले आहे आणि प्रकीर्णनपद्धतीचा आरंभ त्या कामापासून धरला आहे. प्रतिस्पर्ध्याकडून याहून जास्त कशाची अपेक्षा करावी?

ही कबुली आपल्याकडे कितीजणांनी वाचली? जो इतिहास ब्रिस्टलच्या ग्रंथात पानावर छापला होता, तो आपल्या एम.एस्सी.च्या वर्गात सांगितला जात नव्हता. प्रयोगाची आपल्याकडे एकंदरच उपेक्षा आहे. भाभा, रामन, साहा, सत्येंद्रनाथ बोस ही नावे विद्यार्थ्याला पाठ असतात, आणि असावीतच. पण एखादा आकडा कसा मिळवला, काच कोठे ठेवली, ती किती दिवस ठेवली, चूक कोठे होऊ शकत होती, या गोष्टी सांगण्यात शिक्षकाला रस नसतो आणि ऐकण्यात विद्यार्थ्याला नसतो, कारण त्यांवर गुण नसतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधी आणि वाचने मागाहून भरण्याची आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. ती ज्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडली, त्यांना विभा चौधुरींच्या कामातली कठीण गोष्ट कोणती हे कळणार तरी कसे?

कलकत्त्याचे काम थांबल्यावर विभाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. १९४५ साली त्या मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. विश्वकिरणांच्या अभ्यासाला त्या वेळी याहून चांगली जागा नव्हती. १९४७ साली तेथेच रॉचेस्टर आणि बटलर यांना सर्वस्वी अनपेक्षित असे नवे कण सापडले आणि १९४८ साली ब्लॅकेटना नोबेल मिळाले. विभाबाईंनी विषय घेतला होता कणांच्या वर्षावांचा. एकच अतिशय वेगवान विश्वकिरण वातावरणावर आदळला की त्यातून लक्षावधी कणांची सर जमिनीवर येते. तिच्यात खोलवर भेदून जाणारे कण किती असतात, हे त्यांनी पाहिले. तेथील एका वृत्तपत्राने त्यांची मुलाखत घेतली होती. पदार्थविज्ञानातल्या आपल्या ओळखीच्या स्त्रिया, भारत आणि इंग्लंड मिळून, एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, असे त्या म्हणाल्या. अणुशक्तीचा उपयोग कशासाठी व्हावा हे ठरवण्यात स्त्रियांनाही वाटा हवा असेल, तर ती शक्ती चालते कशी हे त्यांनी समजून घेतले पाहिजे, अशा आशयाचेही त्या बोलल्या. हिरोशिमानंतर थोड्याच वर्षांत एका तरुण भारतीय स्त्रीने मांडलेला हा विचार आजही शिळा वाटत नाही.

१९४९ साली त्या मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. संस्थेतील त्या पहिल्या स्त्री संशोधक. कुलाब्याच्या टोकाची आजची देखणी इमारत तेव्हा नव्हती. तिचे उद्घाटन १९६२ चे. त्याच १९४९ साली संस्था पेडर रोडवरील बंगल्यातून गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आली होती, आणि ज्या इमारतीत साहेब लोक एके काळी नृत्य करीत तेथे विश्वकिरणांची उपकरणे मांडली जात होती. भाभांना या विषयाची ओढ होती आणि या विषयात हात बसलेली माणसे देशात थोडी होती. विभाबाई मुंबईत आठ वर्षे होत्या, १९५७ पर्यंत. आठ वर्षे हा काही लहान काळ नव्हे. तरीही मुंबईच्या विज्ञानविषयक आठवणींत त्यांचे नाव क्वचितच भेटते.

पुढे त्या अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. तेथे विक्रम साराभाई होते आणि तेही मूळचे विश्वकिरणांचेच अभ्यासक. कोलारच्या सोन्याच्या खाणींत जमिनीखाली खोलवर चाललेल्या प्रयोगांत विभाबाईंनी भाग घेतला. इतक्या खोलीवर खडकाच्या थरातून फक्त सर्वांत वेगवान म्यूऑन पोचतात; म्हणजे हिमालयाच्या माथ्यावर ज्यांचे वजन करण्याचा प्रयत्न त्यांनी केला, त्याच कणांची मोजणी आता पाताळात चालली होती. कणवर्षावांचा आणखी एक प्रयोग करण्याचा त्यांचा विचार होता. १९७१ च्या डिसेंबरात साराभाई अकस्मात वारले, तो विचार तडीस गेला नाही आणि विभाबाईंनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली. त्या कलकत्त्याला परतल्या, तेथील संस्थांतून अभ्यास करीत राहिल्या आणि वयाच्या पंचाहत्तरीनंतरही निबंध लिहीत राहिल्या. २ जून १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या देशात विज्ञानाच्या तीन राष्ट्रीय अकादमी आहेत. एकीनेही त्यांना फेलो म्हणून निवडले नाही. कोणताही मोठा राष्ट्रीय सन्मान त्यांना मिळाला नाही. हे सारे स्त्री असल्यामुळे घडले असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यात तथ्य आहे, परंतु ते सगळे नाही. देवेंद्रमोहन बोस पुरुष होते, थोर घराण्यातले होते, मोठ्या संस्थेचे प्रमुख होते, आणि काचांच्या कामाबद्दल त्यांचेही नाव आज किती घेतले जाते? ज्याने सिद्धान्त मांडला त्याचे नाव समीकरणाला चिकटते. ज्याने मोजले त्याचा आकडा पुढच्याच मोजणीने पुसला जातो. त्यातून विभाबाईंनी कलकत्ता, मँचेस्टर, मुंबई, अहमदाबाद आणि पुन्हा कलकत्ता अशी ठिकाणे बदलली. कोणत्याही एका संस्थेला त्या आपल्याच वाटल्या नाहीत. त्यांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंगही निबंधानिबंधांत बदललेले आहे. सूचीत शोधणाऱ्याला ते सगळे एकाच बाईचे आहे हे पटकन उमगत नाही. त्यांचे पहिले स्वतंत्र चरित्र २०१८ साली, मृत्यूनंतर २७ वर्षांनी निघाले. राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय या दोन अभ्यासकांनी जुन्या फायली उपसून ते लिहिले. ताऱ्याला नाव सुचणे त्यानंतरच शक्य झाले, हे उघड आहे.

तेव्हा करायचे काय? पुतळा नको आणि टपाल तिकिटाचीही घाई नाही. अकरावी-बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात अणुकेंद्राचा धडा असतो. त्यात दार्जिलिंगच्या काचांचे एक पान घालता येईल, आणि त्या पानावर एका मेसॉनच्या व एका प्रोटॉनच्या रेघेचे मोठे केलेले चित्र छापता येईल. या दोन रेघांतली कोणती जड कणाची, हे मुलांनी पट्टी लावून, बाक मोजून ठरवावे. या प्रयोगाला उपकरण लागत नाही, विजेचाही खर्च नाही, आणि उत्तर आधी लिहून वाचने मागाहून भरण्याची सोयही त्यात फारशी नाही. दुसरी गोष्ट संस्थांनी करायची आहे. ज्या ज्या प्रयोगशाळांत विभाबाईंनी काम केले, तेथे त्यांच्या वह्या, पत्रे आणि काचा कपाटांतून कोठे उरल्या असतील, तर त्या शोधून, यादी करून, अभ्यासकांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. फोटोच्या लेपावर बुरशी चढायला आपल्या हवेत वेळ लागत नाही.